हॉवर कसा पाहावा

डोळ्यांच्या उंचीवर हॉवर करणाऱ्या, म्हणजे हवेत एका जागी थांबलेल्या मॉडेल हेलिकॉप्टरचा पंखा कडेने दिसतो आणि फिरत्या पात्यांची एक पुसट रेघ होते. जाणकार त्या रेघेकडे पाहतो. नवशिका खालच्या रंगीत बॉडीकडे पाहतो, कारण हेलिकॉप्टर म्हणजे ती बॉडी असं त्याला वाटत असतं. पण उडते ती रेघ, बॉडी नुसती तिला टांगलेली असते. रेघ एका बाजूला किंचित झुकली की क्षणभराने बॉडी तिकडे सरकू लागते. जो सरकणं पाहून स्टिक हलवतो त्याला उशीर झालेला असतो. जो झुकणं पाहून हलवतो त्याचं हेलिकॉप्टर जागेवर राहतं. रेडिओवर चालणारं हेलिकॉप्टर हवेत एका जागी धरायला शिकायचं म्हणजे आधी हे पाहायला शिकायचं, असं माझं ठाम मत आहे. बोटं नंतर तयार होतात.

शिकाऊ मॉडेल विमानाचे पंख टोकांकडे वर उचललेले असतात. स्टिक सोडली तर ते बरंचसं आपोआप सरळ होतं. हेलिकॉप्टरच्या अंगी हा गुण नाही. सायक्लिकची, म्हणजे मोठा पंखा हव्या त्या बाजूला झुकवणारी स्टिक मध्यावर आणली तर ‘सरळ हो’ असा हुकूम जात नाही. ‘आहेस तितकंच कललेलं राहा’ एवढाच जातो, आणि कललेलं हेलिकॉप्टर घसरतच राहतं. म्हणून प्रत्येक दुरुस्तीत तीन गोष्टी येतात. उलटा कल देऊन घसरण अडवायची, ती थांबायच्या आधीच तो उलटा कल काढून घ्यायचा, आणि उरलासुरला वेग अगदी हलक्या स्पर्शाने मारायचा. शिकणारा पहिलं लगेच करतो आणि दुसरं विसरतो. मग हेलिकॉप्टर डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतं, प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. दोष बहुधा वाऱ्याला दिला जातो, पण झोके वाढवतो तो हाताचा उशीर.

मुरलेल्या हाताच्या हॉवरमध्येही या तिन्ही गोष्टी असतात, फक्त इतक्या लहान की दिसत नाहीत. मॉडेल हवेत खिळल्यासारखं दिसतं, आणि त्याच वेळी पायलटचे अंगठे पाहिले तर ते एक क्षणही थांबलेले नसतात. ख्यालगायकाने लांब धरलेल्या षड्जात जी आतली हालचाल ऐकू येते, तिची गोडी ज्याला लागली आहे त्याला हा हॉवर समजावून सांगावा लागणार नाही.

यंत्राची गुंतागुंत जितकी कळत जाते, तितका हा आनंद वाढतो. वर जायचं म्हणून कलेक्टिव्ह नावाचं नियंत्रण वाढवलं की सगळ्या पात्यांचा कोन एकदम वाढतो, हवेचा अडथळा वाढतो, आणि त्याच्या प्रतिक्रियेने नाक एका बाजूला वळू पाहतं. ते अडवायला शेपटीच्या छोट्या पंख्याला जास्त जोर लावावा लागतो. तो जोर सगळं हेलिकॉप्टर आडवं ढकलतो. ते ढकलणं रोखायला मोठा पंखा जरासा विरुद्ध बाजूला झुकवावा लागतो. झुकल्यामुळे वर उचलणारा जोर किंचित घटतो, की पुन्हा कलेक्टिव्ह! एका अंगठ्याच्या हालचालीचे पडसाद असे इतर नियंत्रणांतही उमटतात. बहुतेक मॉडेलांचा पंखा वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, म्हणून ती हॉवरमध्ये थोडी उजवीकडे कललेली असतात. पाटीसारखं सपाट धरलेलं मॉडेल हळूहळू डावीकडे निघून जाईल. त्या बारीकशा तिरकेपणात सगळ्या जोरांचा हिशेब जुळलेला असतो, आणि मला तो तिरकेपणा फार सुंदर वाटतो.

नवशिक्याच्या मॉडेलखाली एकमेकींवर आडव्या बांधलेल्या दोन लांब काड्या असतात, आणि त्यांच्या चार टोकांना पोकळ चेंडू. हेलिकॉप्टर कलंडून पाती जमिनीला लागू नयेत म्हणून ही सोय. शेपटी आपल्याकडे ठेवून, जमिनीवरच सरकवत सरकवत सुरुवात होते. मग वीतभर उचल, मग गुडघ्याएवढी. इथेच शिकणारा अडकतो. भीतीपोटी तो खालीच राहतो, आणि खालीच काम जास्त अवघड असतं. पंख्याच्या व्यासापेक्षा कमी उंचीवर पात्यांनी खाली लोटलेल्या हवेला जमीन आडवी येते. मॉडेल कमी ताकदीत तरंगतं खरं, पण हवेच्या फुगीर गादीवरून सगळीकडे घसरत राहतं. डोळ्यांच्या उंचीवर नेलं की तेच हेलिकॉप्टर शहाण्यासारखं वागू लागतं. जमिनीपासून दूर जाण्यात सुरक्षितता आहे हे मनाला पटवणं, हा या शिक्षणातला पहिला खरा धीर.

शेपटी आपल्याकडे असते तोवर हेलिकॉप्टरची उजवी बाजू ती आपली उजवी. नाक आपल्याकडे वळवलं की सगळं उलटं होतं. मैदानावर याला नोज-इन म्हणतात. आता मॉडेल आपल्या डावीकडे घसरलं तर स्टिक डावीकडेच, म्हणजे घसरण्याच्याच दिशेने द्यावी लागते. अंगावर येऊ लागलं तर त्याला दूर सारायला स्टिक स्वतःकडे ओढावी लागते. पाती समोर गरगरत असताना स्वतःकडे ओढायचं! डोकं हे पाच मिनिटांत समजून घेतं, शरीर महिनोन्‌महिने नकार देतं. सिम्युलेटरवर रोज थोडा थोडा सराव केला तर कधीतरी मनातलं भाषांतर थांबतं आणि हात परस्पर बरोबर जातो. ज्याला लूप आणि उलटं उड्डाण येतं पण शांत नोज-इन येत नाही, त्याला मी पूर्ण पायलट मानत नाही.

या खेळाच्या इतिहासात मॉडेल हे मोठ्या यंत्राची नक्कल म्हणून आलेलं नाही, हे मला विशेष मोलाचं वाटतं. अमेरिकेतल्या आर्थर यंग यांनी वर्षानुवर्षं छोट्या मॉडेलांवर प्रयोग करून पंख्याबरोबर फिरणारा स्थिरतेचा दांडा शोधला. 1941 मध्ये त्यांनी तारेने नियंत्रित होणारं विजेवरचं मॉडेल बेल कंपनीत हॉवर करून दाखवलं. त्यातूनच पुढे बेल 47 घडलं आणि 1946 मध्ये नागरी वापराचं प्रमाणपत्र मिळवणारं ते अमेरिकेतलं पहिलं हेलिकॉप्टर ठरलं. रेडिओ नियंत्रित मॉडेल हेलिकॉप्टर खऱ्या अर्थाने उडतं केलं ते जर्मन अभियंता डीटर श्ल्यूटर यांनी, 1970 च्या सुमारास. त्यांच्या ह्यूईकोब्रा मॉडेलचं किट बाजारात आलं आणि घराघरांतल्या हौशी माणसांची ही झुंज सुरू झाली. त्या काळी शेपटी सांभाळायला आजच्यासारखा जायरो, म्हणजे नाक वळू लागलं की ते ओळखून आपोआप अडवणारं उपकरण नव्हतं. डावा अंगठा हाच जायरो.

नंतर जायरो आला. नव्वदच्या दशकात नाकाची दिशा धरून ठेवणारा जायरो आला. त्यानंतरच्या दशकात इलेक्ट्रॉनिक्सने तो स्थिरतेचा दांडाही काढून टाकला. जुने लोक हळहळतात, पण मला वाटतं यात गाभा हरवलेला नाही. हा जायरो वळणं सांभाळतो. आपण मैदानावर नेमके कुठे आहोत हे त्याला कळत नाही. जागा अजूनही पायलटच्या डोळ्यांनीच राखायची असते. ड्रोनला मात्र उपग्रह, हवेचा दाब आणि कॅमेरा मिळून जागा सांगतात आणि हात काढला तरी ते उभं राहतं. चित्रीकरणाला, पिकांवर फवारणीला ते उत्तमच. त्या हॉवरचा उपयोग होतो, रस मात्र माणसाने धरलेल्या हॉवरमध्येच आहे.

ज्यांना याची उंची अनुभवायची असेल त्यांनी एफ3सी या आंतरराष्ट्रीय स्पर्धाप्रकाराची चित्रफीत शोधून पाहावी. मॉडेल ठरलेल्या बिंदूवर येतं, किमान 2 सेकंद थांबतं, स्वतःभोवती फिरतं, पुन्हा थांबतं. फिरतानाची दुरुस्ती सर्वांत कठीण, कारण स्टिक कोणत्या दिशेला द्यायची ते क्षणाक्षणाला बदलत असतं. आवाजही ऐका. उत्तम पायलटच्या पंख्याचा सूर वळताना चढत-उतरत नाही.

आणि हे पाहून शिकावंसं वाटलं, तर आधी सिम्युलेटर घ्या, मग जाणत्या माणसाबरोबर मोकळ्या मैदानावर भल्या पहाटे जा. सोसायटीच्या आवारात, मुलांच्या जवळपास कधीही उडवू नका. हाताच्या लांबीएवढं मॉडेल असलं तरी त्याच्या पात्यांची टोकं ताशी 300 किलोमीटरहून अधिक वेगाने फिरत असतात.