रोलंडाचा पोवाडा : प्रामाण्याचा विचार

पिरेनीज पर्वताच्या खिंडींत शार्लमेन राजाच्या पिछाडीच्या फौजेचा नाश झाला, ती राँसेव्होची लढाई युरोपांत सर्वतोमुखीं आहे. रोलंडाच्या फ्रेंच पोवाड्यानें तिला अमर केलें, पण त्याच पोवाड्यानें तिचें सत्यस्वरूप बिघडविलें, असें म्हणण्याचा प्रघात आहे. यांतील पूर्वार्ध आम्हांस मान्य आहे. उत्तरार्ध मात्र तपासून पाहिला पाहिजे.

प्रथम निर्विवाद भाग घेऊं. इ. स. ७७७ मध्यें सुलेमान अल-अरबी हा स्पेनमधील मुसलमान सरदार पाडरबोर्न येथें शार्लमेनकडे साहाय्य मागण्यास आला. पुढील वर्षीं राजा स्पेनांत उतरला. परंतु सारागोसा हातीं आलें नाहीं. परततांना त्यानें पांप्लोनाचा तट पाडला, आणि पर्वतांत शिरल्यावर बास्क लोकांनीं त्याची पिछाडी कापून काढली. चरित्रकार आइनहार्ड लिहितो कीं, हे लोक दाट रानांत डोंगरमाथ्यावर दबा धरून बसले होते. हलकीं शस्त्रें व अवघड जागा हेंच त्यांचें बळ ठरलें. सामान लुटून ते रात्रीच्या अंधारांत पांगले, त्यामुळें सूडही उगवितां आला नाहीं. मृतांपैकीं एगिहार्ड, आन्सेल्म व रोलंड हीं तीन नांवें तो देतो. कांहीं पोथ्यांत रोलंडाचें नांव नाहीं, हा पाठभेद संग्राहकांनीं ध्यानांत ठेवावा. लढाईचा दिवस १५ ऑगस्ट हा एगिहार्डाच्या लॅटिन मृत्युलेखावरून निघतो. दरबारच्या वार्षिक वृत्तांतांत मात्र मुळांत या पराभवाचा उल्लेखच नाहीं. तो पुढील सुधारलेल्या प्रतींत आला. तेव्हां सत्य झांकण्याचा पहिला दोष शाहिराचा नसून दरबारी लेखकाचा आहे.

आतां पोवाडा. त्याची ऑक्सफर्ड येथील प्रत बाराव्या शतकांतील असून तींत सुमारें ४००० चरण आहेत. तींत बास्कांच्या जागीं मुसलमान आले. तिशींतला राजा दोनशें वर्षांचा झाला. एका हंगामाची मोहीम सात वर्षें चालली. आणि पराभवास कारण म्हणून गानलों हा फितूर उभा राहिला. हें सर्व एका कवीच्या माथीं मारणें सोपें होतें. परंतु स्पेनमधील सान मिल्यान मठाच्या पोथींतील एक लहानसें लॅटिन टिपण १९५३-५४ च्या सुमारास दामासो आलोन्सो यांनीं प्रसिद्ध केलें. तें अकराव्या शतकाच्या तिसऱ्या चरणांतील मानितात. त्यांत रोलंड, ऑलिव्हर व बिशप टर्पिन हे एकत्र आले असून रोलंडास मुसलमानांनीं मारिलें असें स्पष्ट म्हटलें आहे. अर्थात् ऑक्सफर्डच्या प्रतीपूर्वींच ही कथा पालटली होती. कवीनें लोकप्रवाद स्वीकारला. तो निर्माण केला असें म्हणण्यास आधार राहत नाहीं.

इब्न-अल-असीर या अरबी इतिहासकाराचें म्हणणें असें कीं, परतीच्या वाटेवर सुलेमानाच्या मुलांनीं हल्ला करून शार्लमेनच्या कैदेंतून बापास सोडविलें. यावरून पोवाड्यास दुजोरा मिळतो असें कोणी म्हणेल. पण हा लेखक तेराव्या शतकांतील. सुमारें अर्धशतकानंतर लिहिणाऱ्या आइनहार्डाच्या साक्षीपुढें त्याचें वजन कमी पडतें. बास्कांसमवेत कांहीं मुसलमान असणें अशक्य नाहीं. परंतु शक्यता म्हणजे प्रमाण नव्हे.

या प्रकरणांत खरा अन्याय झाला तो विजेत्यांवर. ज्यांनीं लढाई जिंकली त्यांचा समकालीन शब्द उपलब्ध नाहीं. ती उणीव भरून काढण्यास एकोणिसाव्या शतकांत 'आल्ताबिस्कारचें गीत' प्राचीन बास्क काव्य म्हणून पुढें आलें व कित्येक विद्वानांनीं तें मानलेंही. अखेर तें त्याच शतकांतील बनावट ठरलें. १८३७ त ऑक्सफर्डची प्रत छापली गेली, आणि १८७० च्या डिसेंबरांत वेढलेल्या पॅरिसांत गास्तों पारी यांनीं याच पोवाड्यावर व्याख्यान देऊन राष्ट्रभावनेस आवाहन केलें. एकीकडे अस्सल पोथी, दुसरीकडे बनावट गीत. दोहोंसही स्वाभिमानाची भूक कारण झाली.

आमच्या मतें हा पोवाडा ७७८ सालचा साक्षीदार नव्हे. तो बाराव्या शतकाचा उत्तम साक्षीदार आहे. साक्षीदारास त्यानें न पाहिलेल्या गोष्टीबद्दल विचारून मग खोटा ठरविणें, हा साक्षीदाराचा नव्हे, विचारणाराचा दोष होय.