कृपा की उपकार? : 'स्मृतिचित्रे'चे एक वाचन

१

'कृपा' हा शब्द मी दोन ठिकाणी ऐकत वाढलो. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावी रविवारच्या उपासनेत पाळकसाहेब तो उच्चारीत, आणि आठवड्याचे उरलेले सहा दिवस माझी आजी तो बागाईतदाराच्या खळ्यावर उच्चारी. सुगीत दिवसभर अंगावर भूस घेऊन राबल्यावर पदरात थोडे धान्य पडले की ती म्हणे, "मालकाची किरपा." रविवारी तीच आजी डोळे मिटून म्हणे, "देवाची किरपा." शब्द एकच, स्वरही एकच. मान खाली जाई तीही सारखीच.

लहानपणी या दोन किरपांतला फरक मला कळत नसे. पुढे शिकलो, चळवळीच्या सभांतून बसू लागलो, तेव्हा मला या शब्दाची चीड आली. घाम गाळून मिळविलेल्या धान्याला कृपा म्हणणे म्हणजे लाचारीला देव्हाऱ्यात बसविणे होय, असे मी एका अभ्यासमंडळात तावातावाने बोललो होतो. ते बोलणे मला आजही खोटे वाटत नाही. पण ते अपुरे होते, हे मला एका ब्राह्मण घरात जन्मलेल्या ख्रिस्ती बाईच्या पुस्तकाने दाखवून दिले. ते पुस्तक म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे'.

१९३४ ते १९३७ या काळात चार भागांत निघालेल्या या आत्मचरित्राचे मराठी समीक्षेने भरभरून कौतुक केले आहे. बाईंचा विनोद, घरगुती शैली, नवऱ्याच्या विक्षिप्तपणाचे निर्भीड चित्रण यांवर पाने भरली. शालेय पाठ्यपुस्तकांनी त्यातले गमतीचे प्रसंग उचलले. पण एका माणसाच्या श्रद्धेची वाढ सांगणारा ग्रंथ म्हणून त्याचे वाचन क्वचितच झाले. आणि ही श्रद्धा वाढताना वाटेत काय काय मोडावे लागले, हा प्रश्न तर विचारलाच गेला नाही. तो प्रश्न आपण विचारला पाहिजे; कारण जे मोडले त्याचे घाव आपल्या पाठीवर आहेत.

२

पुस्तकाच्या आरंभीच एक भ्यालेले घर उभे राहते. १८५७ च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना फाशी झाली. त्या धक्क्याने बाईंच्या वडिलांच्या मनाने सोवळ्याचा असा ध्यास घेतला की घरातल्या माणसांचे जगणे कठीण होऊन बसले. स्पर्श झाला की धू, शंका आली की धू. बाई हे सारे हसत हसत सांगतात, आणि वाचकही हसतो. मला मात्र ती पाने वाचताना हसू येता येता थांबते. ज्या स्पर्शाच्या भीतीने हे घर दिवसभर पाणी ओतत होते, तो स्पर्श शेवटी कोणाचा होता?

सोवळे हा कृपेवाचूनचा धर्म आहे, असे मला वाटते. त्यात पावित्र्य हे सतत राखायचे, जपायचे, गमवायच्या भीतीत बाळगायचे धन असते. ते एका सावलीनेही नष्ट होते. म्हणजे या व्यवस्थेत विटाळ बलवान आणि पावित्र्य दुबळे! मार्कच्या शुभवर्तमानात पहिल्याच अध्यायात याच्या नेमके उलट घडते. येशू कोढ्याला हात लावतो. शास्त्राप्रमाणे कोढ्याचा विटाळ येशूला लागायला हवा होता. येथे येशूचे आरोग्य कोढ्याला लागते. प्रवाहाची दिशाच फिरते. कृपा या शब्दाचा मला उमगलेला पहिला अर्थ हा आहे.

लक्ष्मीबाईंना तो अर्थ एका दिवसात उमगला नाही. १८८० साली त्यांचे लग्न झाले. नवरा कवी, उदार, कुठे टिकून न राहणारा. आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार दिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बाईंवर आकाश कोसळले. मधली काही वर्षे ताटातुटीची गेली. पुढे त्या नवऱ्याजवळ राहायला आल्या तरी त्यांचे खाणेपिणे काही काळ वेगळेच होते. नवरा ख्रिस्ताचा, चूल मात्र सोवळ्याची!

मग एका ठिकाणी त्या स्वतःशीच वाद घालतात. जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती तर पशुपक्ष्यांच्या जातींत दिसतो तसा भेद माणसांच्या देहांत दिसला असता. तसा तो दिसत नाही. तेव्हा ही करणी माणसाची. विचार इथवर आला आणि त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. यात ना चमत्कार आहे, ना दृष्टान्त. एका बाईने प्रामाणिकपणे विचार केला आणि त्याप्रमाणे ती वागली, एवढेच घडले. त्यांचा बाप्तिस्मा झाला तो त्यानंतर, १९०० साली.

हा क्रम मला अत्यंत महत्त्वाचा वाटतो. आधी जात गेली, मग बाप्तिस्म्याचे पाणी आले. पुष्कळांच्या बाबतीत नेमके उलट झाले आहे. डोक्यावर बाप्तिस्म्याचे पाणी पडले, पण पिण्याचे पाणी वेगळेच राहिले. लक्ष्मीबाईंनी आधी माणसाच्या हातचे पाणी घेतले आणि मग देवाच्या हातचे. देवाच्या हातचे पाणी घ्यायला त्यांच्यापाशी एवढीच लायकी होती, आणि तीही त्यांनी कमावली नव्हती. फक्त हातातले काहीतरी खाली टाकले होते.

३

पंडिता रमाबाईंची साक्ष याच्याशेजारी ठेवून पाहावी. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला. पण १९०७ साली लिहिलेल्या आपल्या आध्यात्मिक आत्मकथनात त्या कबूल करतात की, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडायला पुढे सुमारे आठ वर्षे लागली. केवढी विदुषी! साऱ्या देशाने जिला 'पंडिता' म्हणून गौरविले तिने असे लिहावे, याचा अर्थ काय?

दोघींच्या गोष्टीत एक समान धागा आहे. रमाबाईंच्या घराने तीर्थयात्रा केल्या, पुराणे वाचली, दानधर्म केला, आणि दुष्काळात आईबाप उपासमारीने गेले. पुण्याचा तो सारा हिशेब पदरात असूनही हाती काही लागले नाही. लक्ष्मीबाईंकडे जन्माचा हिशेब होता. श्रद्धेत वाढणे म्हणजे या दोघींच्या बाबतीत काहीतरी मिळवीत जाणे नव्हते. आपल्या नावावर जमा असलेली रक्कम खोटी आहे, हे हळूहळू कबूल करीत जाणे होते. ही कबुली एका क्षणात पुरी होत नाही. 'स्मृतिचित्रे'तल्या बाई बाप्तिस्म्यानंतरही चिडतात, भितात, नवऱ्याशी भांडतात. म्हणूनच त्यांच्यावर विश्वास बसतो.

४

पण येथे आपला प्रश्न उभा राहतो. ज्याच्या नावावर काही जमाच नव्हते, त्याने काय सोडायचे?

बाबासाहेबांनी हा प्रश्न कोणत्याही पाळकापेक्षा स्पष्टपणे मांडला आहे. धर्मांतरित ख्रिस्ती अस्पृश्यांच्या स्थितीवर त्यांनी लिहून ठेवलेला मजकूर त्यांच्या इंग्रजी लेखनाच्या पाचव्या खंडात १९८९ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या आक्षेपाचा आशय असा : अस्पृश्य माणूस समाजाच्या अन्यायाने पिचून दुसऱ्या धर्माच्या दारी येतो, आणि तेथे त्याला शिकविले जाते की तुझ्या अधोगतीचे कारण समाजात नसून तुझ्या पापात आहे, त्याची क्षमा माग. मग त्याची झुंजण्याची वृत्तीच मरते. ज्याच्यावर पाप झाले तोच पापी म्हणून गुडघे टेकतो!

हा आक्षेप मी आमच्या घरात खरा होताना पाहिला आहे. मिशनने आम्हाला शाळा दिली, औषध दिले, माझ्या आजोबांना अक्षर दिले. ते ऋण मी नाकारीत नाही. पण त्याच आजोबांना कोणी विचारले नाही की, तुम्हाला गावाबाहेर ठेवणाऱ्यांच्या पापाचे काय? आणि आमच्या मंडळीत पूर्वाश्रमीचे महार आणि पूर्वाश्रमीचे मांग वेगवेगळ्या बाजूंना बसत, तेव्हा त्या पापाची कबुलीही कोणी मागितली नाही. कृपेचे प्रवचन झाले. सोयरीक मात्र जातीतच झाली.

या आक्षेपाला उत्तर द्यायचे तर ते धर्मशास्त्राच्या जाडजूड ग्रंथांत शोधण्याचे कारण नाही. ते 'स्मृतिचित्रे'त आहे, आपण वाचले तर. कृपेने लक्ष्मीबाईंचे कोणते पाप धुतले? सोवळे! म्हणजे कृपेची पहिली मागणी ज्याच्यापाशी जन्माचा अहंकार आहे त्याच्याकडे आहे. 'तू पापी आहेस' हे वाक्य त्याला आधी ऐकवायचे आहे. आपल्या माणसालाही पाप आहेच. तो बायकोला मारतो, आपल्याहून खालच्याला शिवत नाही. त्याचा हिशेब त्याला द्यावाच लागेल. पण अस्पृश्यता हे त्याचे पाप नव्हे. त्याला कृपा जे सांगते ते हे की, तुझ्याविषयी तुला जे सांगितले गेले ते खोटे होते. एकाला ती खाली उतरविते, दुसऱ्याला उभे करते, आणि दोघे समोरासमोर येतात. असे समोरासमोर आणीत नाही तो उपकार. ती कृपा नव्हे. उपकारात देणाऱ्याचा ओटा उंचच राहतो.

मत्तयाच्या विसाव्या अध्यायातली द्राक्षमळ्याची गोष्ट आपल्या लोकांना समजावून सांगावी लागत नाही. नाक्यावर मजूर उभे आहेत. काहींना सकाळी काम मिळते, काहींना दुपारी. काही जण दिवस मावळतीला आला तरी उभेच, कारण त्यांना कोणी बोलावलेलेच नाही. मालक सर्वांना सारखीच, पुऱ्या दिवसाची मजुरी देतो. पहाटेपासून राबलेले कुरकुरतात. त्यांचे पैसे कमी झालेले नाहीत. शेवटून आलेल्यांना आपल्या बरोबरीचे केले, हे त्यांचे दुःख आहे. सवलतींविरुद्ध 'गुणवत्ते'चा गळा काढणाऱ्यांची भाषा मी ऐकतो तेव्हा मला हे कुरकुरणारे मजूर आठवतात. आणि ध्यानात घ्यावे, मालक शेवटच्यांना भीक घालीत नाही. तो मजुरी देतो. तेवढ्यावर एका घराची एका दिवसाची चूल पेटते. कृपा आणि हक्क यांचे वैर आहे असे मी समजत होतो. या गोष्टीत कृपा हक्काच्याच रूपाने हातावर पडते.

५

एवढे म्हटल्यावर 'स्मृतिचित्रे'ची मर्यादाही सांगितली पाहिजे. अमेरिकन मिशनने १८३१ साली नगरला ठाण मांडले, तेव्हापासून त्या मंडळ्या प्रामुख्याने आपल्या माणसांनी उभ्या राहिल्या. ती माणसे या पुस्तकात वावरतात, पण आतून फारशी बोलत नाहीत. ती बहुधा सेवेचा आणि मायेचा विषय म्हणून येतात. बाईंनी त्यांच्या हातचे पाणी घेतले. ते पाणी देणाऱ्या हाताला त्या वेळी काय वाटले, हे पान कोरे आहे. त्याचा दोष मी बाईंना देत नाही. ते पान त्यांनी लिहायचे नव्हतेच; ते आपण लिहायचे होते. अरविंद निर्मळ यांनी १९८१ साली बंगळूरच्या धर्मशास्त्र महाविद्यालयात शूद्रांच्या ईश्वरविद्येचा विचार मांडला आणि पुढे ख्रिस्तालाच दलित म्हटले, तेव्हा त्या कोऱ्या पानावर पहिल्या ओळी उमटल्या. पण त्या इंग्रजीत उमटल्या. मराठीत अजून पुष्कळ लिहायचे आहे.

कारण उंबरठा हलल्यावाचून कृपेचे काही खरे नाही. चोखोबावर विठ्ठलाची कृपा झाली असे सांगतात, पण त्याची समाधी आजही महाद्वारासमोर, बाहेर आहे. आणि ख्रिस्ती दलिताला एकीकडे मंडळीत जात सुटत नाही, तर दुसरीकडे १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने त्याची जात कागदावरून पुसली. १९५६ साली शिखांसाठी आणि १९९० साली बौद्धांसाठी त्या आदेशात दुरुस्ती झाली. तो तसाच बाहेर राहिला. अशा माणसाला कृपेवर प्रवचन देणाऱ्याने आधी त्याच्या शेजारी उभे राहिले पाहिजे.

शेवटी पुन्हा आजीकडे येतो. १९७२ च्या दुष्काळात ती दुष्काळी कामावर माती खोदायला जाई. मी तिची भाकर घेऊन गेलो होतो. मुकादमाने चौकडीचे माप घेतले आणि ते कमी भरले असे सांगून पुढे निघाला. आजी खड्ड्यातून वर आली. म्हणाली, "दादा, टेप पुन्यांदा लावा. म्या मोजलंय." तो गुरगुरला, ती हलली नाही. बाकीच्या बायाही फावडी टेकवून उभ्या राहिल्या. टेप पुन्हा लागला. माप पुरे भरले.

घरी येताना ती म्हणाली, "देवाची किरपा." मला तेव्हा तिचा राग आला होता. टेप लावायला तू लावलास, मग यात देवाची किरपा कसली, असे मी विचारलेसुद्धा. ती म्हणाली, "आरं, तोंड उघडलं ना माझं."

त्या दिवशी तिची मान खाली नव्हती. हे मला त्या वेळी दिसले होते. त्याचा अर्थ लावायला मात्र मला फार वर्षे लागली.