निःशब्द रॉक आणि सोलापूरचा श्रोता

ज्यात गायक नसतो आणि रचनेचा सारा भार गिटार, बेस व ड्रम यांनीच पेलायचा असतो, अशा केवळ वाद्यांच्या प्रायोगिक रॉकला महाराष्ट्रात गेल्या दोन दशकांत श्रोता मिळू लागला असला, तरी या संगीताची वाढ मुख्यतः मुंबई-पुण्याच्या परिघात झाली आहे. सोलापूरच्या संदर्भात मात्र खरा प्रश्न श्रोत्याच्या तयारीचा नसून, ती तयारी या कलेने ओळखली आहे का, हा आहे.

मुंबईच्या 'झीरो' बँडचे गिटारवादक वॉरन मेंडोन्सा यांनी 'ब्लॅकस्ट्रॅटब्लूज' या नावाने २००७ मध्ये 'नाइट्स इन शायनिंग कर्मा' आणि २००९ मध्ये 'द न्यू अल्बम' प्रसिद्ध केले. तार बोटाने ताणून स्वर चढवण्याच्या 'बेंड' या क्रियेमुळे त्यांची गिटार एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणाऱ्या मिंडेच्या इतकी जवळ जाते, की शब्द नसूनही गाणे हरवत नाही. 'ॲजवीकीपसर्चिंग' या अहमदाबाद-पुण्याशी निगडित बँडने 'ख्वाब' (२०१५), 'झिया' (२०१७) आणि 'रूह' (२०१९) या अल्बमांतून वेगळी वाट धरली. त्यांची शैली पोस्ट-रॉक, म्हणजे रॉकचीच वाद्ये घेऊन मुखडा-अंतऱ्याची बांधणी सोडणारी आणि नादाचे थर रचणारी. ही संज्ञा समीक्षक सायमन रेनॉल्ड्स यांनी १९९४ मध्ये रूढ केली. या शैलीत छोटी सुरावट 'डिले' या प्रतिध्वनी उमटवणाऱ्या उपकरणातून पुन्हा पुन्हा फिरते आणि हळूहळू प्रचंड आवाजापर्यंत चढते. हा चढ प्रत्येक रचनेत येऊ लागला की त्यातील विस्मय संपतो, हा या संपूर्ण शैलीचाच दोष आहे.

वास्तविक महाराष्ट्राला विजेवर चालणारा, गायकाविना वाजणारा वाद्यवृंद नवा नाही. जपानमधील नागोया येथे १९१२ मध्ये जन्मलेल्या ताइशोगोतोपासून आलेला, टंकलेखनयंत्रासारख्या कळा असलेला बेंजो गल्लोगल्लीच्या मिरवणुकांत पोहोचला आणि रवी जाधव यांच्या २०१६ च्या 'बँजो' या चित्रपटाचा विषयही झाला. परंतु बेंजो पार्टी ज्या चाली वाजवते, त्यांचे शब्द श्रोत्याला पाठ असतात आणि तो ते मनात गात असतो. प्रायोगिक रॉक नेमका हाच आधार काढून घेतो.

सोलापूरकडे मात्र शब्दांचा आधार मुळातच न मागणारी परंपरा आहे, ती हलगी आणि लेझीमची. गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत हलगीचा ठेका बदलताच लेझीमचा डाव बदलतो, आणि शेकडो पावलांना तो बदल शब्दावाचून कळतो. प्रायोगिक रॉकमध्ये लय मध्येच मोडून नव्या मात्रांत शिरण्याची जी क्रिया अनोळखी श्रोत्याला गोंधळात टाकते, तिचे संस्कार येथील कानांवर आणि पायांवर बालपणापासून झालेले असतात. ज्या शहरात पोरासोरांनाही ठेक्यातील पालट आधीच जाणवतो, तेथे निःशब्द संगीत कोणाला समजणार, ही शंका निराधार आहे.

उणीव आहे ती बसून ऐकण्याच्या व्यवस्थेची. पुण्यात २०१० मध्ये सुरू झालेल्या 'एनएच७ वीकेंडर' या महोत्सवाने तिकीट काढून अपरिचित बँड ऐकण्याची सवय लावली; सोलापुरात हुतात्मा स्मृती मंदिरासारखे सभागृह असूनही तेथील प्रेक्षकाची अशा मैफलीशी ओळख घडलेली नाही. उद्या एखाद्या बँडने तेथे हलगी घेतली, तर तिला केवळ स्थानिक रंग म्हणून मध्येच वाजवणे पुरेसे ठरणार नाही. शेकून ताणलेल्या कातड्याचा तिचा तीव्र आवाज झांजांच्या आवाजाशी भिडतो, म्हणून ड्रमवादकाला झांजा आवराव्या लागतील, बेसला हलगीला साथ देणाऱ्या घुमक्याची जागा घ्यावी लागेल आणि गिटारला सुरावटीपेक्षा ठेक्यालाच उत्तर द्यावे लागेल.