सिमेंटचा रस्ता आणि त्याचे सांधे

मंडळी, मागच्या वेळी 'टिकणे' या शब्दाच्या मागे लागून आम्ही पार कणादांपर्यंत पोचलो होतो. आज मेहकर-सिंदखेड राजाच्या पुढे जायचं नाही.

समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातून तो जातो, आणि तो काँक्रीटचा आहे. सिमेंटचा रस्ता म्हटलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं : 'आता तीस वर्षं बघायला नको.' आमची हरकत या वाक्याला आहे. तीस वर्षांचा आकडा खोटा नाही. असे रस्ते साधारण तेवढ्या काळाची वाहतूक धरूनच आखतात. पण त्या हिशेबात देखभालही धरलेली असते, ती बोलताना गळते.

काँक्रीट घट्ट होताना आकसतं आणि तडकतं. ते टळत नाही. म्हणून अभियंता तड कुठे जावी एवढंच ठरवतो. काँक्रीट ओतल्यावर काही तासांतच, साधारण साडेचार मीटरवर, जाडीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शापर्यंत करवतीनं आडवा काप घेतात. तड निमूटपणे त्याच्याखाली जाते. हा सांधा. आतल्या डॉवेल सळया चाकाचा भार पुढच्या स्लॅबवर देतात, वर रबरासारखा मसाला भरतात. ऊन-चाकांनी तो काही वर्षांत सुटतो. मग पाणी आत शिरतं, ट्रक गेला की चिखल घेऊन बाहेर येतं, स्लॅबखाली पोकळी होते आणि कोपरा तुटतो.

गावातल्या रस्त्यांची गोष्ट आणखी कठीण. खाली काळी माती, पावसात फुगणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी. काप घ्यायला उशीर झाला तर तड वेडीवाकडी धावते, आणि लोक म्हणतात सिमेंट कमी घातलं. असेलही! पण कित्येकदा सिमेंट बिचारं निर्दोष असतं. नवं काँक्रीट दोनेक आठवडे ओलं ठेवावं लागतं. जिथे मे महिन्यात प्यायला टँकर येतो, तिथे गोणपाटावर पाणी कोण मारणार? हे काम मेमध्ये काढायचं ठरवणाऱ्याला आधी जाब विचारायला हवा.

कामाच्या फलकावर रक्कम लिहितात, ठेकेदाराचं नाव लिहितात, दोषदायित्व कालावधीही लिहितात. आमची मागणी एका ओळीची आहे : सांधे पुन्हा कधी भरायचे, आणि कोणी.