दोरीनेच सिद्ध करायचं?

मागच्या महिन्यात मूलहून एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. आमचा आवाज ऐकून तो आधी गप्पच झाला. शोधयंत्रावर आमचं नाव टाकलं की शेजारच्या चौकटीत आमचा फोटो आणि खाली निधनाची तारीख दिसत होती. तारीख आमच्याच नावाच्या दुसऱ्या एका प्राध्यापकांची. आम्ही दुरुस्तीचा अर्ज भरला. अजून ना होकार, ना नकार.

शोधयंत्रवाल्यांचा नेहमीचा युक्तिवाद असा, की आम्ही लिहीत नाही, दुसऱ्यांचं लिहिलेलं दाखवतो. तो तपासू या. फोटो आमचा नि तारीख त्यांची, ही जोडणी कुठल्याच मूळ पानावर नव्हती. ती यंत्राने केली. आणि नुसतं दाखवणं तरी निष्पाप कुठे असतं? कोणतं पान आधी, कोणतं मागे, हा निवाडाच झाला. युरोपीय संघाच्या न्यायालयाने 2014 मध्ये गुगलला हेच बजावलं: वर्तमानपत्रातली जुनी बातमी कायदेशीर असली, तरी माणसाच्या नावाखाली ती पुढे आणण्याची जबाबदारी तुमची.

न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण आहे, पण तो आप्ताचा हवा. आप्त म्हणजे विषय जाणणारा आणि जाणलं तसं सांगू इच्छिणारा. यंत्राकडे यातलं काय आहे? तरी आपण त्याला आप्त मानून बसलो. वेदान्तातला दोरी-सापाचा दाखला आठवा. भ्रम पाहणाऱ्याला होतो, दिवा आणला की त्याचाच जातो. इथे पाहणारा दिवा न आणताच निघून जातो, आणि 'मी साप नाही' असा अर्ज दोरीने करायचा.

आमचं हसण्यावारी गेलं. सगळ्यांचं जात नाही. प्रा. जी. एन. साईबाबा आणि इतरांना गडचिरोली सत्र न्यायालयाने मार्च 2017 मध्ये दोषी ठरवलं. 5 मार्च 2024 ला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सर्वांना निर्दोष सोडलं. 2017 चं पान वाचून जो थांबला, त्याच्या लेखी ते आजही दोषीच.

आपल्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, 12 व्या कलमात, दुरुस्तीचा हक्क आहे. पण तो आपण संमतीने दिलेल्या माहितीपुरता. शोधयंत्राने आपली संमती कधी विचारली?

याउलट वनहक्क कायदा पाहा. त्याखाली 2009 मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला सामूहिक वनहक्क मिळाला. या कायद्यात दावा ग्रामसभेपुढे येतो. तिचा ठराव पटला नाही, तर 60 दिवसांत उपविभागीय समितीकडे दाद मागता येते, आणि बाजू मांडू दिल्याशिवाय ती फेटाळता येत नाही. अंमलबजावणीत खोट असेल. तत्त्व पक्कं आहे.

बलदंड लोक आपला इतिहास पुसून घेतील, ही भीती खरी. म्हणून आमची मागणी पुसण्याची नाही, पूर्ण करण्याची आहे. अटकेशेजारी सुटका दिसावी, अर्जाला मुदत असावी, नकाराला कारण असावं. जमिनीच्या तुकड्याला जी सुनावणी मिळते, ती माणसाच्या नावाला का नको?

आता तुमचे प्रश्न घेऊ.