हसण्यामागचा एकटेपणा

रविवारची मिस्सा संपली की ठाण्याच्या मासुंदा तलावाजवळील सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चच्या आवारात काय, अथवा कल्याण-डोंबिवलीच्या धर्मग्रामांत काय, एकच प्रश्न व एकच उत्तर कानी पडते. ‘कसे आहात?’ ‘मजेत!’ उत्तर देणाऱ्यांत गळ्यात घराची किल्ली अडकवून शाळेतून परतणारे मूल असते, पहाटेची लोकल गाठणारा गृहस्थ असतो आणि दिवसभर खिडकीशी बसणारी आजीही असते. हे ‘मजेत’ ऐकले की आम्हांला लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आठवतात.

१९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झालेले हे आत्मचरित्र मराठी वाचकाने मुख्यतः त्यातील विनोदासाठी उचलून धरले. आमच्या मते मात्र तो विनोद म्हणजे एकटेपणाने धारण केलेले रूप आहे. कडक सोवळ्याच्या घरातले बालपण, बालवयातच लग्न, आणि पती असा, की न सांगता घराबाहेर पडावा. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्यानंतर सुमारे पाच वर्षे लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन त्यांच्यापासून दूर राहिल्या. भोवती नातलग होते, पण मनातले सांगावे असे माणूस नव्हते. गर्दीतला हा एकटेपणा डोंबिवलीच्या गाडीत दाटीवाटीने उभ्या राहणाऱ्यास परका वाटू नये.

१९१९ मध्ये टिळक गेले आणि वैधव्याचा एकटेपणा आला. तो पहिल्यासारखा नव्हता. पूर्वी रुसायला, भांडायला निदान दूर कोठेतरी माणूस होते. आता तेही उरले नाही. लक्ष्मीबाईंनी टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुरे करण्याचे काम अंगावर घेतले. दुरावलेल्या माणसाशी चाललेला संवादच त्यांनी जणू पुढे चालू ठेवला.

या पुस्तकात एक उणीव आम्हांला जाणवते. दुःख दाटून येते न येते तोच लेखिका हसवून पुढे निघून जाते. तिच्यापाशी आणखी क्षणभर बसावे असे वाटते, पण ती बसू देत नाही. कदाचित तिला तशी सवयच नसावी. कारण त्या वर्षांत तिच्यापाशी बसले तरी कोण होते?

टिळक दांपत्य आपल्या कॅथलिक पंथाचे नव्हते. तरीही आपल्या प्रत्येक कुटुंबात हे पुस्तक असावे असे आम्ही आग्रहाने म्हणतो. एकटेपणा हा केवळ म्हातारपणाचा आजार नव्हे आणि तो नेहमी रडक्या चेहऱ्यानेच भेटतो असेही नाही, हे त्यातून उमगते. गेथसेमनीच्या बागेत प्रभूने शिष्यांपाशी मागितले ते उपदेशाचे शब्द नव्हेत. घटकाभर जागी राहणारी सोबत मागितली. ती तेथे मिळाली नाही. पुढच्या रविवारी कोणी ‘मजेत’ म्हणाले, तर आपण पायरीवर थोडे अधिक थांबावे.