आक्काला वाचून दाखवलेली पुस्तकं

रा. रं. बोराडे सर २०२५ च्या फेब्रुवारीत गेले. सकाळी पेपरात बातमी वाचली आणि संध्याकाळी कपाटातून 'पाचोळा' काढलं. पुस्तकाची पाठ निघालेली, पानं पिवळी पडलेली. त्याच आठवड्यात आक्का गुडघे दाखवायला माझ्याकडं आली होती. चिंचा झोडून घरात आल्या होत्या. आक्काला रिकामं बसवत नाही. तिनं ओसरीवर पोतं ओढलं, दगड घेतला आणि चिंचा फोडायला बसली. मी खांबाला टेकून वाचत होतो.

"मनातल्या मनात काय वाचायलास? मोठ्यानं वाच की. माझे कान तर रिकामेच हायेत."

तिथून सुरुवात झाली. गुढीपाडव्यापर्यंत आम्ही चार पुस्तकं संपवली आणि एक अर्धं ठेवलं. ही सगळी मी आधी वाचलेली होती. काहींवर तर तालुक्याच्या शिक्षक संमेलनात तावातावानं बोललोही होतो. आक्काला वाचून दाखवताना मात्र ती वेगळीच निघाली. म्हणून हे लिहून ठेवतो. मी काही समीक्षक नाही. केज तालुक्यातला झेडपीचा मास्तर आहे, वाचायचं व्यसन आहे, एवढंच.

आक्का माझ्याहून पाच वर्षांनी थोरली. तिनं पंचवीस हंगाम कोयता केला. दसरा-दिवाळीला मुकादमाची उचल घेऊन जायचं आणि ऊस संपला की परत यायचं. सही करते. अक्षरं ओळखीची आहेत, पण ओळ लागत नाही.

'पाचोळा' १९७१ ची कादंबरी. गंगाराम शिंप्याच्या घराची वाताहत त्याची बायको सांगते. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत ती तिच्याच बोलीत, आपल्या मराठवाड्याच्या बोलीत बोलते. आज याचं कुणाला नवल वाटणार नाही. पण त्याआधीच्या बहुतेक ग्रामीण लेखनात पात्रं गावचं बोलायची आणि लेखक पुस्तकी बोलायचा. लेखक खुर्चीवर आणि पात्रं खाली घोंगडीवर, असा तो प्रकार. त्याच १९७१ साली आनंद यादवांच्या 'गोतावळा'नं आणि बोराडे सरांच्या 'पाचोळा'नं ती खुर्ची उचलून बाहेर ठेवली. फरक एवढाच की यादवांनी सांगायला शेतावरचा गडी घेतला आणि बोराडे सरांनी घरातली बाई.

दोन संध्याकाळी वाचून झाल्यावर आक्कानं विचारलं, "ही बाई कुठल्या गावची?"

म्हटलं, "बाई नाही आक्का, लेखक माणूस आहे. लातूरकडचा."

तिचा हात थांबला. "गड्यानं लिव्हलंय? मंग त्यानं घरात बसून नीट आईकलं आसंल."

'पाचोळा'वर मी बरंच वाचलंय, पण याच्याहून नेमकं काही वाचलेलं आठवत नाही. या कादंबरीचं बळ ऐकण्यात आहे. ती बाई स्वतःची कीव करत नाही, लेखकही मधे तोंड घालत नाही. नवऱ्याचा हट्ट घर खातोय हे तिला दिसतं. ती समजावते, विनवते, पण तिच्या सांगण्यानं काही हलत नाही. मला यातच कादंबरीचं खरेपण वाटतं. आक्काला ते पटलं नाही. "एकदा तरी त्याच्या म्होरं हुभं ऱ्हायाला पायजे व्हतं तिनं," म्हणाली. मी म्हटलं, त्या काळी कशी राहील? आक्का म्हणाली, "त्या काळी मी व्हते की." मी पान उलटलं.

मग 'बारोमास' घेतलं. सदानंद देशमुखांची ही कादंबरी २००२ ची, २००४ चा साहित्य अकादमी मिळालेली, बुलढाण्याकडची. एकनाथ एम. ए., बी. एड. झालेला, नोकरीसाठी संस्थेला द्यायला पैसे नाहीत, शेतीत काही राहिलेलं नाही. हा एकनाथ मला माझ्या डी. एड.च्या बॅचमध्ये भेटलाय, दरवर्षी शाळेत अर्ज घेऊन येणाऱ्या पोरांमध्येही भेटतो. शिकलेल्या पोराची शेतात होणारी कुचंबणा देशमुखांनी जशी उभी केली तशी त्याआधी फारशी कुणी केली नव्हती. हे पुस्तक मोठंच आहे.

पण दोन गोष्टी मला आता खटकल्या. एक म्हणजे एकनाथचं मनातलं बोलणं. ते जागोजागी एवढं वाढतं की अग्रलेख वाचल्यासारखं वाटतं. भाव पडल्याचं दुःख आपल्याला अग्रलेखातून कळत नाही. मांजरा ओलांडली की कळंब तालुका. तिथले भास्कर चंदनशिव. त्यांच्या 'लाल चिखल' कथेत बाप बाजारात भाव न मिळालेले टोमॅटो पायांनी तुडवतो. कथा काही पानांची, पण पोरांना शिकवताना माझा आवाज अजून बसतो, कारण तिथं कुणी भाषण करत नाही. दुसरी गोष्ट, अलका. शिकलेली, शहराकडून आलेली ही बायको शेवटी माहेरी निघून जाते आणि वाचणाऱ्याच्या मनात तिच्यावर ठपका बसतो. तिची बाजू मांडली जात नाही असं नाही, पण आपण तिच्याकडं एकनाथच्याच जागेवरून बघत राहतो. तिला 'पाचोळा'तल्या बाईसारखं स्वतः बोलू दिलं असतं तर?

आक्कानं अर्ध्यात थांबवलं. "समदं खरं हाय. पर जरा दम घी म्हणावं. एक झालं की एक, एक झालं की एक. आमच्या कोपीत बी लोक हसायचे, बाबा."

हे मला पटलं. कोपी म्हणजे चटईची, प्लास्टिकच्या कागदाची पालं. पहाटे तीनला उठून फडावर जाणारी माणसं, तरी हसायची. नवनाथ गोरे यांच्या 'फेसाटी'त हा दम आहे. सांगली जिल्ह्यातल्या जतकडची ही २०१७ ची कादंबरी. पोराचं शिक्षणासाठी फरफटत जाणं तिच्यात आहे, पण तो आपल्या हालांचा डंका पिटत नाही, काम सांगावं तसं सांगत जातो. या पुस्तकाला २०१८ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. पुढं २०२० मध्ये टाळेबंदीत या लेखकालाच मजुरीला जावं लागल्याची बातमी पेपरात आली. ती वाचली तेव्हा मला एकनाथ आठवला. कादंबरीतलं पोरगं पुस्तकाबाहेर येऊन रोजगारावर उभं राहिलं होतं.

तिसरं पुस्तक आत्मकथन, प्र. ई. सोनकांबळे यांचं 'आठवणींचे पक्षी', १९७९ चं. दलित आत्मकथनं म्हटलं की लोक आधी 'बलुतं', 'उपरा', 'उचल्या' यांची नावं घेतात. त्यात चूक काही नाही. पण उदगीरकडचं हे पुस्तक मागं पडतं, याचं मला वाईट वाटतं. सलग गोष्ट नाही. एक आठवण येते, बसते, उडून जाते, मग दुसरी येते. आईबाप गेलेला पोरगा बहिणीच्या आसऱ्याला राहतो आणि शिकतो. कुठं आरडाओरडा नाही, कुठं वाचणाऱ्याच्या गळ्यात पडणं नाही. विशीत वाचलं तेव्हा मी बिनदिक्कत म्हणालो होतो की ही माझीच कथा आहे. ती तशी नव्हती. आम्हीही उपाशी झोपलोय, पण गावच्या आडावर आमची घागर कुणी अडवली नव्हती. भूक सारखी असली तरी पाणी सारखं नव्हतं. हे कळायला मला चाळिशी उलटावी लागली.

आक्का या पुस्तकाला गप्प बसून होती. बहिणीचा भाग आला की तिचा दगड हळू पडायचा. संपल्यावर एवढंच म्हणाली, "भैणीला ध्यानात ठिवलं त्यानं."

शेवटचं 'झोंबी'. हे माझं लाडकं पुस्तक. आनंद यादवांचं हे आत्मचरित्र १९८७ ला आलं, १९९० चा साहित्य अकादमी मिळाला. मी तेव्हा डी. एड.ला होतो. खोलीत कंदील लावून वाचलं आणि रडलो. दुसऱ्याचा मळा कसून जगणारं कागलचं घर, शाळेचं नाव काढलं की अंगावर येणारा बाप, आणि शाळेसाठी जिवावर उदार झालेला पोरगा. मळ्यातल्या कामाचं एवढं बारीक वर्णन मराठीत फार थोड्या ठिकाणी आहे. कुठलं काम कधी, कशानं आणि किती वेळ, सगळं त्यात सापडतं. हाच या पुस्तकाचा कणा. दुःख सांगणारे पुष्कळ आहेत, कामाचा तपशील ठेवणारे कमी.

कागलचं नाव ऐकल्याबरोबर आक्का म्हणाली, "आगं बया, तिथं मी दोन हंगाम काढलेत. रान कसं काळंभोर. तिथला माणूस बी उपाशी व्हता का कवा?"

मी चमकलो. आमच्या लेखी कागल म्हणजे उसाचा, पैशाचा मुलूख. आम्ही मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचो तो मुलूख. तिथंही एका पोराला शाळेसाठी घर सोडून पळावं लागलं होतं, हे तिला नवं होतं. आणि तो पोरगा शिकून गेल्यावर त्याच शिवारात आमच्या जिल्ह्याच्या पोरी शाळा सोडून ऊस तोडत होत्या, हे मला नवं होतं. म्हणजे माहीत होतं, पण 'झोंबी' हातात असताना कधी सुचलं नव्हतं.

मग तिनं विचारलं, "ह्यो शिकला. मागल्या भावंडांचं काय झालं?"

यादव भावंडांना विसरले असं मी म्हणणार नाही. त्यांची आई, तिची बाळंतपणं, घरातली लेकरं, हे सगळं पुस्तकात आहे आणि काळजाला लागतं. पण पुस्तकाची वाट शाळेकडं जाते. जे शाळेकडं गेले नाहीत ते वाटेच्या कडेला दिसतात आणि मागं पडतात. हा यादवांचा दोष नाही, आत्मचरित्राचाच तो स्वभाव आहे. घरातून जो बाहेर पडला तोच लिहितो. ज्याच्या जिवावर तो बाहेर पडला, तो माणूस लिहीत नाही.

आमच्या जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसं कोयता घेऊन जातात. माझ्या कपाटात तीनशेच्या वर पुस्तकं आहेत. त्यात फडावरच्या बाईनं स्वतः सांगितलेलं एकही नाही. ज्या दिवशी हे ध्यानात आलं त्या दिवशी मला जरा चेव आला. आक्काला म्हटलं, "मी लिहिलंय आपल्या घरावर. थांब, वाचतो."

या पुस्तकातला माझ्या शाळेवरचा लेख तेव्हा लिहून तयार होता. मी मोठ्या उत्साहानं वाचायला लागलो. आजीजवळ राहून मी कसा शिकलो, दप्तर म्हणून खताची पिशवी कशी होती, वगैरे. मधे एक वाक्य होतं : आक्काला शाळेची गोडी नव्हती, ती आईबापाबरोबर फडावर गेली.

"कोन म्हणलं तुला?"

"काय?"

"गोडी नव्हती म्हणून."

घरात सगळे तसंच म्हणायचे. माय म्हणायची, आजी म्हणायची. मी लहानपणापासून तेच ऐकत आलो. आक्का चिंचोके एका बाजूला सारत बोलली, आवाज न चढवता.

"तिसरीला माझा पैला लंबर व्हता. दसऱ्याला धाकटं झालं. त्याला फडावर कोन बघनार? गुर्जी घरी आले व्हते, पोरीला ठिवा म्हणले. आजी म्हणली, दोघं मला निभत न्हाईत, एकच ठिवा. मंग तुला ठिवलं. दिवाळीला गाडी निघाली तवा माझी पाटी मी तुझ्याच पिशवीत घातली. तुझी फुटकी व्हती."

ती पाटी मला आठवते. लाकडी चौकटीची होती. ती माझीच होती असं मी आजवर समजत होतो.

तीस वर्षं मी पुस्तकांना दोष देत आलो. यात बाईचा आवाज नाही, त्यात मागं राहिलेल्यांची बाजू नाही. 'बारोमास'मधल्या अलकेची बाजू मी शिक्षक संमेलनात मांडली होती. आणि माझ्या स्वतःच्या लेखात मी आक्काला एक वाक्य दिलं होतं, तेही खोटं. बोराडे सरांनी एका शिंप्याच्या बायकोचं ऐकून अख्खी कादंबरी तिच्या तोंडी दिली. मी सख्ख्या बहिणीला पन्नास वर्षांत एक प्रश्न विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी तो लेख फाडायला निघालो. आक्का म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तुझं तुला तसं वाटलं, लिव्हलंस. माझं बी लिव्ह, म्हंजे झालं." मग थोडं थांबून म्हणाली, "पर हिशोब नीट लिव्ह. उचल किती घेतली, टन किती भरले, किती फिटले, किती डोक्यावर ऱ्हायले. रडगाणं लिहू नको. रडगाण्यात हिशोब ऱ्हातो."

म्हणून तो लेख मी या पुस्तकात आहे तसाच ठेवलाय. ते वाक्यही तसंच आहे. वाचणाऱ्यानं तो वाचून मग हा वाचावा. आक्काच्या हंगामांचा हिशोब मी वहीत मांडायला घेतलाय. पाडव्यापर्यंत नऊ हंगाम झाले. मग ती गावी गेली, गुडघे अजून तसेच आहेत. पुढच्या चिंचांना येते म्हणालीय. 'बारोमास'ची उरलेली पानंही तेव्हाच वाचायची आहेत. जाताना तिनं विचारलं होतं, ती निघून गेलेली पोरगी पुढं कुठं राहिली असंल.